पाचवी टोपली

५ मे, मंगळवार

पाचवी टोपली मी आत घेतली.

सकाळी साडेआठला कारखान्याच्या दारातली गोष्ट. बर्फाची गाडी वाटेत बंद पडली होती, त्यामुळे होडीवाल्याच्या टोपल्या दोन तास धक्क्यावर उन्हातच होत्या. तो सारखं सांगत होता, "दादा, वर ओलं पोतं टाकलं होतं, हात लावून बघा ना, गार आहे की नाही?" हात लावला. गार होता. बांगड्याचा डोळा स्वच्छ, कल्ला लाल. बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून आला. मग नेहमीसारखा वाकलो, कल्ला उचलून नाक आत घातलं, मनात तीन मोजले आणि मान हलवली. टोपली आत गेली.

एवढंच. पण पहिल्या चारांना मी लगेच मान हलवली होती. पाचवीला थांबलो. का थांबलो, ते संध्याकाळपर्यंत आठवत बसलोय. आठवत नाही.

६ मे, बुधवार

चहाच्या सुट्टीत भट्टीवाली शेजारी येऊन बसली. बारा वर्षं ती मासा उकडायच्या पातेल्यांवर आहे. कपाळावरचे केस वाफेने कायम चिकटलेले. म्हणाली, "दादा, कालच्या शेवटच्या घाण्याची वाफ मला जरा वेगळी वाटली."

"वेगळी म्हणजे?"

"आंबूस. नाकात टोचल्यासारखी. माझा भास असेल."

मी म्हणालो, "मी बघितलंय."

"मग झालं," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंय म्हणजे झालं." आणि चहात बिस्कीट बुडवून खायला लागली.

मग झालं. दिवसभर हेच दोन शब्द कानात.

७ मे, गुरुवार

वहीत खोटं लिहायचं तर वही कशाला? लिहून टाकतो.

मला वास येत नाही. नोव्हेंबरात ताप आला, पाच दिवस राहिला, गेला. जाताना नाक घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी आहे, सुटेल. डिसेंबरात वाटलं, उन्हाळ्यात सुटेल. आता उन्हाळा आहे. पहाटे देवापुढे उदबत्ती लावतो, धूर वर जाताना दिसतो, म्हणून समजायचं की लागली. मागच्या महिन्यात दूध करपून पातेलं काळं झालं तरी मी तिथेच पोथी वाचत बसलो होतो. ही म्हणाली, "देवाच्या नादात घर जाळाल." मी हसलो. तिलाही सांगितलं नाही.

कारखान्यात मला नाव नाही. मी दाराशी आलो की उतरवणारे ओरडतात, "नाक आलं रे!" मग टोपल्या उघडतात. या कामाला नाकाशिवाय दुसरं काय लागतं? डोळ्याला दिसायच्या आधी, बोटाला कळायच्या आधी, कल्ल्यातल्या आंबूस वासाने मासा सांगतो की मी बिघडायला लागलोय. तो टप्पा फक्त नाकाचा. सहा महिने मी तो टप्पा सोडून बाकीचं बघतोय. डोळा, कल्ला, बोट. आणि उतरवणाऱ्यांची तोंडं. कोणी नाक मुरडलं तर टोपली परत. अशा दोन परत केल्या, तर सगळे म्हणाले, काय नाक आहे!

पण या वेळचं मनातून जात नाही. बांगडा उन्हात राहिला की त्यात विष धरतं. ते उकडून जात नाही, वाळवून जात नाही. मोठ्या माणसाला चट्टे उठतात, उलट्या होतात, छाती धडधडते. लहानाचं काय होतं, ते मी कोणाला विचारलेलं नाही.

आणि आमचा माल लहानांचाच. मासा उकडतो, पिळतो, वाळवतो, काट्यांसकट दळतो आणि ती भुकटी बिस्किटांत घालतो. दळायच्या आधी तो वास काढायच्या टाकीतून जातो, कारण भुकटीला मासळीचा वास आला तर पोरं बिस्किटाला तोंड लावत नाहीत. मालक पाहुण्यांना मोठ्या हौसेने भुकटीची बरणी हुंगायला देतात. "सांगा बरं कसली आहे? ओळखूच येत नाही ना?"

नाहीच येत. म्हणूनच दाराच्या पुढे कोणाच्या नाकाचा काही उपयोग नाही.

९ मे, शनिवार

आज वास आला!

दाराशी, जिथे मंगळवारी पाचवी टोपली ठेवली होती, बरोबर तिथे. मी वाकलो आणि लवंगेचा वास आला. स्वच्छ, तिखट, जणू कोणी कानाशी तोंड आणून बोलतंय. डोळ्यांत पाणी आलं. देवा, परत दिलंस. मासा नाकाशी धरला. काही नाही. हात हुंगला, फिनेलची बाटली उघडून हुंगली. काही नाही. खाली ठेवली तर पुन्हा लवंग.

उतरवणाऱ्यांना विचारलं, लवंग कोण खातंय? कोणीच नाही. भट्टीवाली हसली. "इथे लवंग? दादा, तुम्हांला काकांची आठवण येतेय."

मी वर बघितलं. दारावर काकांचा फोटो आहे. मालकांचे सख्खे काका. माझ्या आधी तीस वर्षं या दारातलं नाक तेच. त्यांनी मला शिकवलं. त्यांच्या डाव्या खिशात कायम लवंगा असायच्या. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन.

१० मे, रविवार

पहाटे देवापुढे बसलो. मागायला तोंड नव्हतं. नुसता बसलो. धूर दिसला.

१२ मे, मंगळवार

पोरगी नातीला घेऊन आली आहे. नात अडीच वर्षांची. हिवाळ्यात आजारी पडली, तेव्हापासून हातापायांच्या काड्या. आमच्या बिस्किटांनीच जरा अंग धरायला लागली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हीच चालू ठेवा.

काल मालकांनी सगळ्यांना नव्या मालातले दोन-दोन पुडे वाटले. गेल्या मंगळवारच्या माशाचा माल. मी पिशवी कोनाड्यात टाकली आणि हात धुवायला गेलो. परत येतो तर नात जमिनीवर बसून एका हातात बिस्कीट धरून दुसऱ्या हाताने बाहुलीला भरवत होती. बाहुलीचं झाल्यावर ते तिच्या स्वतःच्या तोंडाकडे निघालं.

मी झडप घातली. तिच्या मुठीतून बिस्कीट ओढून काढलं. तिचं नख माझ्या अंगठ्याला लागलं. तिने एवढा आकांत केला की शेजारीण दारात आली.

"अहो बाबा, काय झालं?" पोरगी म्हणाली. "तेच बिस्कीट आहे ना? रोजचंच?"

"जास्त भाजलंय ते," मी म्हणालो. "जुन्या पुड्यातलं दे."

"भाजलेलं कुठे दिसतंय?" ही बिस्कीट उलटंसुलटं करून बघत म्हणाली. "तुमचं नाक जरा जास्तच शहाणं झालंय."

दोन्ही पुडे परसात नेऊन पुरले. मांजराला द्यायचीही हिंमत झाली नाही. माती पायाने दाबताना लक्षात आलं की निकाल मी दिलाय, आणि माझ्या हातानेच दिलाय. नातीच्या मुठीतून काढलं. बाकीचा माल एकवीस तारखेला अशक्त मुलांच्या केंद्रांना जाणार आहे. तिथे सहाशे मुठी आहेत.

लवंगेचा वास आज परसातही आला.

१३ मे, बुधवार

मालकांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ते फोनवर होते. हाताने खूण केली, काय? मी म्हणालो, काही नाही.

१४ मे, गुरुवार

आज जे कळलं ते नीट लिहायला हवं.

पाचव्या टोपलीनंतर मला दाराशी भीती वाटायला लागली आहे. म्हणून आज सकाळी भट्टीवालीला बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "ये, तुला शिकवतो. पुढेमागे उपयोग होईल." ती पदर खोचून आली. मी कल्ला उचलला आणि म्हणालो, "तू सांग आधी."

तिने वास घेतला. "हा चांगला आहे." मी मान हलवली. "बरोबर." दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी तू सांग आधी, आणि प्रत्येक वेळी बरोबर. एका टोपलीला ती म्हणाली, "हा नको, दादा." मी म्हणालो, "शाबास." टोपली परत गेली. उतरवणारा तिला म्हणाला, "घ्या, आता नाकाला नाक फुटलं!" ती लाजली आणि खूशही झाली.

मी तिथेच खाली बसलो. कारण तो आवाज माझा नव्हता.

"तू सांग आधी." काका मला हेच म्हणायचे. त्यांच्याकडे शिकलो त्याचं पहिलं वर्ष तसं नव्हतं. तेव्हा ते आधी वास घ्यायचे, मग मला घ्यायला लावायचे, चुकलो की टपली मारायचे. "हे नाक आहे की चष्मा अडकवायची खुंटी?" मग एका हिवाळ्यात ते आजारी पडले आणि परत आल्यावर टपली थांबली. तू सांग आधी. मी सांगायचो, ते म्हणायचे बरोबर. नऊ वर्षं. नऊ वर्षांत एकदाही चूक म्हणाले नाहीत. मला वाटायचं, मी तयार झालो. मी घरी येऊन देवाला सांगायचो की गुरू खूश आहे.

आणि लवंग. रोज सकाळी पहिल्या टोपलीआधी ते खिशातून एक काढायचे, दाताने फोडायचे आणि नाकाशी धरायचे. बराच वेळ. मग तोंडात टाकायचे. मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "मासळीवाल्याच्या तोंडाला वास येऊ नये."

परवापासून माझ्या खिशात लवंग आहे. वाण्याकडून घेतली. रोज सकाळी फोडतो, नाकाशी धरतो आणि वाट बघतो. खऱ्या लवंगेचा वास येत नाही. नसलेल्या लवंगेचा येतो.

ते शिकवणं नव्हतं. विचारणं होतं. नऊ वर्षं या दारातलं नाक मीच होतो आणि मला ते माहीत नव्हतं.

१५ मे, शुक्रवार

काकांचा राग येत नाही. यायला हवा. त्यांना निदान माझं नाक होतं. पाचव्या टोपलीला माझ्यापाशी कोणीच नव्हतं.

भट्टीवालीला आज बोलावलं नाही. ती दोनदा दाराकडे बघून गेली.

१६ मे, शनिवार

तपासणीवाला नमुना घ्यायला आला. पंधरवड्याला येतो. पाच तारखेच्या भुकटीचीच कोठी उघडली. त्याने वरवरची चमचाभर भुकटी डबीत घेतली आणि डबीला चिठ्ठी लावली. मी विचारलं, "एवढ्याशाने कळतं?"

"एवढ्याशाचं एवढंच कळतं," तो म्हणाला. "पण तुम्ही असताना आमची गरज काय!"

"बांगडा बिघडलेला नाकाला कळतोच का?"

"दर वेळी नाही हो. कधीकधी वास अगदी ताजा आणि आत गडबड. तुमच्यासारख्यांनाही चकवतो."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. दर वेळी नाही. म्हणजे माझं नाक जागेवर असतं तरी पाचवी टोपली आत गेली असती? गेली असती, असं दहा वेळा म्हणून बघितलं. मग भट्टीवालीचं आठवलं. आंबूस. टोचल्यासारखी. तिला वाफेतसुद्धा कळलं होतं.

१८ मे, सोमवार

तपासणीचा कागद आला. माल चांगला. सगळ्या रकान्यांत हिरवा शिक्का.

देवाचं नाव तोंडून निघालं, आपोआप. मालकांनी मला खोलीत बोलावलं, कागद हातात दिला. "दादा, हे बघा. त्यांचं यंत्र तुमच्या नाकाचीच नक्कल करतं." मग नव्या खोक्याचं चित्र दाखवलं. वर नाचणारं मूल, खाली गोल शिक्का: प्रत्येक टोपली अनुभवी नाकाने तपासलेली. शिक्क्याच्या मध्यभागी एका माणसाचं तोंड, बाजूने काढलेलं. नाक जरा लांबच.

"ओळखलंत का?" मालक हसत म्हणाले. "अर्धे तुम्ही, अर्धे काका. चित्रकाराला दोघांचे फोटो दिले होते."

मला हसता आलं नाही. खोली लवंगेने भरून गेली होती. एवढा वास की श्वास घेववेना. मालकांच्या कपाळावर आठी नाही, पंखा फिरतोय, कागद फडफडतोय, आणि माझ्या मेलेल्या नाकात काका उभे.

"तुम्हांला बरं वाटत नाहीये का?"

"उन्हातून आलोय," मी म्हणालो.

२० मे, बुधवार

उद्या गाडी. नऊ वाजता माल भरायचा आहे.

सांगायची गरज उरलेली नाही, हे मी स्वतःला आज दिवसभर समजावलं. कागद चांगला आहे. नातीला एक बिस्कीट नाही मिळालं, एवढंच झालंय. उद्यापासून भट्टीवालीला रोज दाराशी उभं करीन. ती सांगेल, मी बरोबर म्हणेन. कोणाचं काही वाईट होणार नाही. दोन-चार वर्षांनी निवृत्त होईन. माझाही फोटो लागेल.

दुपारी गोदामात गेलो. पाच तारखेच्या मालाची खोकी रचून ठेवली आहेत, माझ्या छातीएवढी रास. चमचाभर भुकटी वरची होती. पाचवी टोपली शेवटी उकडली, म्हणजे वेगळ्या थाळ्यांत वाळली, म्हणजे कोठीत कुठे गेली? तळाशी? मध्ये? कोणत्या खोक्यात, कोणत्या पुड्यात? हे त्या कागदावर नाही. मी खोक्यांवरून हात फिरवत चाललो, जणू हाताला कळणार होतं. एका खोक्याशी लवंगेचा वास आला. पुढच्यापाशीही आला. तिसऱ्याशीही. मग कळलं की तो माझ्याबरोबर चालतोय.

मी काकांना विचारलं. तोंडाने, मोठ्याने. गोदामात कोणी नव्हतं. "काका, तुम्हांला कधी सांगावंसं वाटलं का?"

ते काय सांगणार? त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. पण एक आठवलं. शेवटच्या आजारात त्यांना भेटायला गेलो होतो. बोलणं अडखळत होतं. मी बाहेरून आलो तसा माझा हात धरून त्यांनी स्वतःच्या तोंडाशी नेला, हुंगला, आणि विचारलं, "आज काय मासा होता रे?" मी म्हणालो, "तुम्ही सांगा आधी." थट्टा केली मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात सोडला. भिंतीकडे तोंड केलं.

मला वाटलं होतं, दमले.

घरी आलो तेव्हा नात उंबऱ्यात बसून जुन्या पुड्यातलं शेवटचं बिस्कीट चोखत होती. मला बघून तिने ते पाठीमागे लपवलं. अजून विसरलेली नाही. मी तिच्यापुढे बसलो आणि दोन्ही हात माझ्या पाठीमागे धरले. बऱ्याच वेळाने ती पुन्हा खायला लागली, पण माझ्यावरची नजर काढली नाही.

पोरगी आतून म्हणाली, "बाबा, येताना नवे पुडे आणा हं. हे संपले."

२१ मे, गुरुवार

सांगितलं. पावणेनऊला, दाराशी, गाडीवाला आणि उतरवणारे ऐकत असताना, म्हणजे मला परत फिरता येऊ नये. पाचव्या टोपलीचं सांगितलं, भट्टीवालीने काय म्हटलं होतं ते सांगितलं. मालकांनी विचारलं, "कधीपासून येत नाही वास?" पंधरा दिवस म्हणता आलं असतं. मी म्हणालो, नोव्हेंबरपासून.

ते खोक्यांवर बसले. मग फोटोकडे बघत म्हणाले, "काकांनी असं कधी केलं असतं का हो?"

काकांचं गुपित मी काकांपाशीच ठेवलं.

गाडी रिकामी परत गेली. भट्टीवाली पहिल्या टोपलीवर वाकली. मी धुवायच्या टोपल्या उचलल्या. आता संध्याकाळ आहे, उदबत्ती लावली आणि हिला हाक मारून विचारलं, "बघ गं, वास येतोय का? मला येत नाही."

"येतोय," ती म्हणाली, आणि हातातलं काम टाकून माझ्याशेजारी येऊन बसली.

लवंगेचा आज आला नाही.